तत्रैव

दहावी ब चे अठ्ठेचाळीस प्रकल्प
ऐरोलीच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर,
कारण टेबलावर इस्त्रीचे कपडे.

पहिल्या सतरा जणांच्या संदर्भसूचीत
एकच नोंद: गूगल.
एकाने लिहिलंय, माझी मावशी, एम.ए.
मी लाल पेनने लिहीत जाते:
आडनाव आधी. मग स्वल्पविराम. मग नाव.
आवृत्ती कितवी? प्रकाशक कोण?
पृष्ठ क्रमांक न देता पुस्तक सांगणं म्हणजे
मजला न लिहिता पत्ता देणं,
आमची लिफ्ट बंद असताना
कुरिअरवाल्याला विचारा.

मग रितिका मढवी, दिवा गावची.
विषय: कवितेतली दारं.
तत्रैव कुठे घालायचं, उनि कुठे,
पोरीला बरोब्बर कळलंय,
मला बी.एड. होईपर्यंत कळलं नव्हतं.
आणि मग तळटीप अकरा:

"कवितेत दार आलं की आधी बघावं,
कडी आतून आहे की बाहेरून."
वैती, बाई. वर्गात. तास चौथा, बावीस जुलै.

पेन थांबलं.
एकोणीस वर्षं मी हे वाक्य म्हणते आहे,
दर जुलैत,
'कडी' शब्दानंतर थोडं थांबून.
तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, वा.
मी म्हटलं, थँक्यू सर.
अवतरणचिन्हं मात्र
कधी बोटांनीसुद्धा काढली नाहीत हवेत.

वाक्य दाबके बाईंचं.
चरई, नववी अ, शहाऐंशी साल.

रविवारी बस पकडून ठाण्याला गेले.
नौपाड्यात दुसरा मजला.
बाईंचं कानातलं यंत्र बशीत काढून ठेवलेलं,
म्हणून वाक्य ओरडून सांगावं लागलं.
शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.
बाई हसल्या.
"माझं कुठलं गं? ते रावजीचं."

रावजी शिपाई.
एका संध्याकाळी बाई पेपर तपासत बसलेल्या,
त्याने बघितलंच नाही, बाहेरून कडी घातली.
तासाभराने दार वाजवलेलं ऐकू गेलं तेव्हा
कडी काढत तोच यांना रागावला:
"बाई, आत बसण्याआधी बघावं
कडी आतून आहे की बाहेरून."
"दुसऱ्या दिवशी वर्गात 'कवितेत' एवढं मी लावलं," बाई म्हणाल्या.
"बाकी सगळं त्याचं."

आडनाव?
बाई छताकडे बघत राहिल्या.
पंख्याकडे.
"पगारपत्रकात असेल बघ.
आम्ही रावजीच म्हणायचो.
सव्वीस वर्षं."

निघताना त्यांनी हातावर वडी ठेवली,
नारळाची, फार गोड.

सोमवारी मधल्या सुट्टीत
रितिकाला सगळं सांगितलं, माझ्यासकट.
मला वाटलं होतं ती विचारेल,
मग बाई, इतकी वर्षं तुम्ही…
तिने कंपासमधून खोडरबर काढलं.
"आडनाव आधी ना, बाई?
नसेल तर ओळ सुरू कुठून करू?"

फळ्यावर नियम माझ्याच अक्षरात होता.
खिडकीतून खाडीवरचे विजेचे मनोरे दिसत होते,
एकाची तार दुसऱ्याने धरलेली.
मी म्हटलं, तूच ठरव.

तिने लिहिलं:

रावजी. शिपाई. तोंडी, कडी काढताना.
दाबके यांनी ऐकलं, त्यांच्याकडून वैती, त्यांच्याकडून आम्ही.
आडनाव: शोध चालू

वीसपैकी साडेएकोणीस.
अर्धा गुण कापला,
ओळीच्या शेवटी पूर्णविराम नव्हता.
लाल पेन टेकवलं तिथे,
द्यावा म्हणून,
आणि उचललं